पिवळीवरची साय

...आणि वर मलाच विचारतो, "बाबा, माझं काही चुकलं का?" चुकलं का म्हणे! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या हातात काठी होती. नवा खुबा बसवून घरी येऊन दोनच दिवस झाले होते म्हणून काठी होती, आणि नवा खुबा होता म्हणूनच जावई वाचला, कारण काठी उगारली असती तर आधी मीच आडवा झालो असतो. सहा वर्षं तीन महिने, अहो. सहा वर्षं तीन महिने मी ज्या पिंपाला बोट लावलं नाही, त्यात या बर्गंडीच्या दिवट्याने...

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, लेओन्स म्हातारा झाला, बरळतोय.

आमचा ज्युरा म्हणजे फ्रान्सच्या नकाशावर अंगठा ठेवला की झाकून जाईल एवढासा. पण वाईनच्या तऱ्हा किती? एक लाल, ती इतकी फिकी की पाहुणे विचारतात, पाणी घातलंय का. दुसरी लाल, जिभेला चावणारी. एक फसफसणारी, लग्नात पाहुण्यांच्या कपड्यांवर उडवायची. एक गोड, द्राक्षं नाताळापर्यंत गवतावर सुकवून केलेली, ती आमच्याकडे आजाऱ्याला चमच्याने पाजतात, आणि ती मिळावी म्हणून माझा सासरा अकरा वर्षं आजारी होता. आणि या सगळ्यांच्या वर बसलेली आमची पिवळी.

आता पिवळीला करायचं काय? तर काही नाही करायचं. पिंपात भरायची, बूच लावायचं, आणि सहा वर्षं तीन महिने गप्प बसायचं. वाईन हळूहळू उडून जाते, जाऊ द्यायची. पिंप तिसरा हिस्सा रिकामं होतं, होऊ द्यायचं. दुधावर धरते तशी वर साय धरते, तिला धक्का लावायचा नाही, अगदी फुंकरसुद्धा मारायची नाही. त्या सायीखाली वाईन पिवळी होते, अक्रोडाचा वास धरते. बाकी सगळ्या जगात पिंप रिकामं दिसलं की लोक भरतात. आम्ही बघतो आणि जिना चढून वर येतो. तुम्ही म्हणाल, हे तर आळशाचं काम. मग करून दाखवा ना. सहा वर्षं तीन महिने हात खिशात घालून दाखवा.

आणि दर फेब्रुवारीत, नाकातून पाणी गळतंय अशा थंडीत, गावच्या चौकात सगळ्यांसमोर पिवळीचं एक पिंप फोडतात. एकच. ज्याचं पिंप त्याचा मान. शेजारच्या गास्पारला तो दोनदा मिळालाय, आणि दोनदा मिळालाय हे तो मयतीलासुद्धा सांगतो. मी चाळीस वर्षं त्या चौकात उभा राहून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. यंदा कमिटीने माझं पिंप निवडलं होतं. माझं. मी नवा कोट शिवला.

आणि त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या घरात शिरला जावई.

एलोदी माझी एकुलती एक पोरगी, तिने हा बास्तियाँ आणला शेजारच्या बर्गंडीहून, तिथेही वाईनच करतात. म्हणाली, "बाबा, आता मळा आम्ही बघतो, निसर्गाला धरून करू." निसर्गाला धरून म्हणजे काय, तर गाईच्या शिंगात शेण भरायचं आणि ते शिंग मळ्यात पुरायचं. तीन वर्षांचा कोर्स केला म्हणे. तीन वर्षं, शेण भरायला. मी त्याला शेणापती म्हणायचो, जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर. तो हसायचा. मग खाजकुइलीसारखा अंगाला चावणारा पाला आणून उकळायचा आणि वेलींवर शिंपडायचा, पण कधी? तर चंद्र कुठे आहे, शनी कुठे आहे, ते बघून. मी एलोदीला म्हटलं, अगं, नऊ ग्रह हा बघतोय, पण दहावा ग्रह माझ्या घरात राहायला आलाय, त्याची शांत कुणी करायची? मग त्याने गवत खायला तीस मेंढ्या आणल्या, त्यांनी गवत सोडून माझ्या बायकोचा भाजीचा वाफा खाल्ला. मी इतका खूश झालो, इतका खूश झालो की त्या रात्री मेंढ्यांना स्वतः पाणी पाजलं.

आता तुम्ही मला वाईट म्हणाल. म्हणा. पण ऐका.

जानेवारीत माझा खुबा बदलायचा ठरला, दीड महिना घराबाहेर. आमच्या तळघरात प्रत्येक पिंपावर खडूने खूण असते, यात काय आहे, केव्हाचं आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी खाली गेलो आणि ओल्या फडक्याने सगळ्या खुणा पुसून टाकल्या. सगळ्या! म्हटलं, आता शेणापती रोज फोन करणार, "बाबा, हे कुठलं? बाबा, ते कुठलं?" आणि मी पडल्या पडल्या रोज चार सुनावणार. हॉस्पिटलात दुसरी करमणूक काय असते हो? सूप?

त्याने फोन केला. एकदाच. "बाबा, पिंपांचं काय करू?" आवाज असा काळजीचा, जणू मीच पिंपात पडलोय. मी म्हटलं, "डोळे दिलेत ना देवाने? पिंपांकडे बघ." आणि ठेवला फोन.

आता बघ म्हणजे काय? आमच्याकडे बघ म्हणजे बघ. हात लावू नकोस. आणि बर्गंडीत? तिथे पिंपांकडे बघ म्हणजे पिंप भर. रिकामं ठेवलंस तर तुझ्यासारखा पापी नाही. तिकडे वाईनवर साय म्हणजे रोग. आणि पिवळी ठेवतात वर माळ्यावर, असं त्याला कोर्समध्ये शिकवलेलं. माझी असते खाली, पांढऱ्यांच्या शेजारी, माझ्या आजोबांपासून. त्याने एक बूच काढलं, आत बघितलं, पिंप तिसरा हिस्सा रिकामं, वर साय. तर या माणसाच्या मनात काय आलं माहीत आहे? मला नंतर एलोदीने सांगितलं. त्याला माझी दया आली. "बिचारे बाबा, वय झालं, पिंप भरायचं विसरले." आणि माझी अब्रू जाऊ नये म्हणून कुणाला न सांगता, दर सोमवारी, टाकीतली यंदाची कोवळी पांढरी आणून त्याने ते पिंप काठोकाठ भरलं. साय काढून टाकली. चमच्याने.

सहा वर्षं तीन महिने. चमच्याने.

कमिटी आली पिंपावर मोहोर लावायला. अध्यक्ष मस्यू कोर्ने, नाक असं की बंद बाटलीतलं ओळखतात. मागे गास्पार, बोलावलं नव्हतं तरी. मी ऐटीत पुढे झालो आणि पिंपावर बोटाने टकटक केली. पोकळ वाजायला हवं. वाजलं ढप्प. बूच काढलं तर वाईन माझ्या बाहीवर आली. नव्या कोटाच्या. मी वळलो, आणि जावई मघाचं ते बोलला, काही चुकलं का.

मी जे सुरू झालो... त्याच्या बापापासून त्याच्या मेंढ्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही. तो खाली मान घालून उभा, डोळ्यांत पाणी. शेवटी माझी बायको ऑर्तांस बोलली, जिन्यावरून, एप्रनला हात पुसत. "लेओन्स, खुणा कुणी पुसल्या ते मी सांगू, की तू सांगतोस?"

तिने बघितलं होतं. बघितलं होतं आणि दीड महिना गप्प बसली होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षं ज्यांची वाट बघितली, त्या चौकातल्या टाळ्या मीच ओल्या फडक्याने पुसल्या होत्या.

कोर्नेंनी घोट घेतला, तोंडात फिरवला, मला वाटलं निदान थुंकतील. गिळला. म्हणाले, "चांगली आहे. मऊ आहे. पण ही पिवळी नाही, मस्यू लेओन्स, ही आता साधी पांढरी." आणि मान गेला गास्पारकडे. तिसऱ्यांदा. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला हो, सगळ्यांत वाईट ते. कोटाची ओली बाहीसुद्धा नीट करून दिली.

सगळे गेले. जावई वर जाऊन बॅग भरायला लागला, एलोदी त्याच्या मागे. मी पिंपाशी बसलो. ऑर्तांस खाली आली, एक पेला भरून घेतला, उभ्या उभ्या प्यायली. मी म्हटलं, "तू? तू तर पिवळीला कधी तोंड लावत नाहीस."

"मला ती कधीच आवडली नाही," म्हणाली. "जुन्या कपाटासारखी लागते."

"अगं, पण दर रविवारी कोंबडीत अर्धी बाटली घालतेस ती?"

"मग संपणार कशी?"

मग तिने वर तोंड करून हाक मारली, "बास्तियाँ, बॅग खाली ठेव, जेवायला बस." आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या तळघरात पहिल्यांदा दुसरा पेला मागितला, आणि तो जावयाच्या वाईनचा. काय करता? ओतला.