हेरंबाची साठ ठिपक्यांची हद्द

मंडळी, ऐका! आधी मोजून सांगतो, मग गोष्ट. एकेचाळीस स्थळं. बावीस मुलगे, एकोणीस मुली. प्रत्येकाला एक चौकट. चौकटीत फोटो, शिक्षण, उंची आणि उजव्या कडेला फोन नंबर. चाळीस चौकटी साध्या. एक नटलेली!

आता प्रश्न. माणसानं सजावं का? सजावं की! या देवळातला आमचा देवसुद्धा रोज सजतो. पण सजायचं कुणाच्या जागेत? — हसू नका, तिसऱ्या रांगेतले! तुमच्यापर्यंत येणार आहे मी.

आमच्या गावात अंबूताईंचं वधूवर मंडळ. पूर्वी वही होती. मग ताईंनी वेबसाइट करायची ठरवली आणि काम दिलं हेरंबला. वय चौतीस, नोकरी चांगली, लग्न — नाही! म्हणजे वेबसाइट करणारा हा, आणि एकेचाळिसावं स्थळही हाच. आचारीच पंगतीला बसलेला! मग वाढप कसं होणार?

ताईंचा नियम कडक. नव्वद दिवसांत एकही फोन नाही आला, तर स्थळ काढायचं. पुन्हा नाव दोन वर्षांनी. दोन वर्षांनी हेरंब किती? छत्तीस! बरोबर. गणित पक्कं आहे हो तुमचं.

तर हेरंबनं काय केलं? वेब पानाला कपडे चढवायची एक भाषा असते, सीएसएस. त्यात स्वतःच्या चौकटीला दिली बॉर्डर — सोनेरी, सहा पिक्सेल. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका. बॉर्डर आणि मजकूर यांच्यामध्ये ऐसपैस मोकळी जागा, तिला म्हणतात पॅडिंग — चोवीस. आणि खाली शॅडो, म्हणजे सावली. चौकट अशी, जशी हवेत तरंगतेय! आई म्हणाली, "हेरंबा, चौरंगावर मांडल्यासारखा दिसतोस रे. फक्त केळीचे खांब राहिले!"

अठ्ठ्याऐंशी दिवस गेले. फोन? शून्य!

आई म्हणाली, "तुझा फोन चालू आहे ना रे?"

"आहे गं."

"थांब, मीच लावून बघते."

लावला. वाजला! तेवढाच.

एकोणनव्वदावा दिवस. मंडळात एक मुलगी तरातरा आली. शर्वाणी नाव. तालुक्याच्या मोजणी खात्यात कामाला — शेतांच्या हद्दी मोजते. हेरंब कोपऱ्यात संगणकाशी बसलेला.

"अंबूताई, हा तुमचा सोनेरी माणूस कोण हो? नंबर सातच आकडी देतो! लग्न करायचंय की चेष्टा?"

ताईंनी बोट केलं. "हा बघ. बसलाय."

हेरंब उठला. "सात कसे? दहा आहेत! हे बघा." संगणकाच्या मोठ्या पडद्यावर — दहा! शर्वाणीनं मोबाइल पुढे केला. सात! उजवीकडची सोनेरी बॉर्डरच गायब. लोकांनी पाहिलं, 'नंबर लपवतोय' म्हणाले, पुढच्या चौकटीकडे गेले.

"पण मी चौकट मोजून दिलीय. रुंदी तीनशे साठ! मोबाइलचा पडदाही तीनशे साठ."

शर्वाणीनं विचारलं, "तीनशे साठ नुसती आतली, की भिंतीसकट?"

इथंच तर घोळ! सीएसएसला वेगळं सांगितलं नाही, तर ती रुंदी धरते नुसत्या आतल्या मजकुराची. पॅडिंग बाहेर, बॉर्डर त्याच्याही बाहेर. दोन्हीकडचे चोवीस, दोन्हीकडचे सहा — साठ! चौकट झाली चारशे वीस. मजकूर तीस ठिपके उजवीकडे सरकला, आणि शेवटचे तीन आकडे पडद्याबाहेर. पान नीटनेटकं दिसावं म्हणून आडवं सरकवायची सोय यानंच बंद केलेली!

"रोज बघते मी हे," शर्वाणी म्हणाली. "भिंत हद्दीबाहेर बांधायची, आणि वर म्हणायचं जागा आमची तेवढीच. भिंतीची जाडी आपल्या जागेत धरा की!"

हेरंबच्या डोक्यात उजेड पडला. "आहे! तशी ओळ आहे. बॉक्स-सायझिंग, बॉर्डर-बॉक्स. भिंत, मोकळी जागा, सगळं आपल्याच रुंदीत."

"आणि ती सावली?"

"सावलीला जागा लागत नाही. ती कुणाला ढकलत नाही."

"मग ती राहू द्या. बरी दिसते."

ताई लगेच पुढे! "नंबर देऊ का गं तुला?"

"नको. चौकटीत दिसला, तर बघेन."

आणि गेली!

मंडळी, हेरंबला हसलात. आता जरा इकडे बघा. तो तिसऱ्या रांगेतला रुमाल कुणाचा? 'सूनबाई येणार आहे' म्हणून टाकलाय ना? सूनबाई घरी मालिका बघतेय, आणि ते आजोबा तासभर खांबाला टेकून उभे! वर पंखा बघा — तीन पाती, तिन्हींवर देणगीदाराचं नाव. वाऱ्यावरही बॉर्डर! आणि मी? फेटा, शाल, उपरणं, त्यावर हार — या पेटीवाल्या काकांना माझ्या घेरापलीकडचं दिसत नाही, बिचारे अंदाजानं वाजवतायत! सजा हो, खुशाल सजा. भिंत तेवढी आत घ्या. — उचलला रुमाल? बसा आजोबा.

आता हेरंबचं सांगतो आणि थांबतो. त्याच संध्याकाळी त्यानं ती एक ओळ घातली आणि पुन्हा मोजलं. चौकट तीनशे साठ. आतला मजकूर तीनशे. आकडे दहा. नव्वदाव्या दिवशी आलेले फोन — एक. बोलणं, सत्तेचाळीस मिनिटं.