चाकूचा वास

सन २०११, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, मेंढ्या डोंगरावरून खाली आणायचे दिवस, आणि मी, बाकीस पोड्डा, अख्ख्या सार्डिनिया बेटावर ज्याच्या चीजला कोणी नावं ठेवली नाहीत असा माणूस, इस्पितळात उताणा... कशामुळे? एका गंजक्या तारेमुळे! पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. डॉक्टर म्हणाला, हा जंतू इतर औषधांना दाद देत नाही, ही शेवटची गोळी, चौदा दिवस, नाहीतर पाय कापावा लागेल. बरं. गोळी गिळायची, त्यात काय?

तुम्हाला सांगतो, तिथवर ठीक होतं. मग वितालियाबाई आली. इस्पितळाची फार्मासिस्ट, कोणत्या रोग्याला काय चालेल ते बघणारी. घरी कोणती औषधं घेता, काका? म्हटलं, एकही नाही. मग विचारते, खाता काय? आता औषधवालीने औषध विचारावं ना... चीज काय औषध आहे?

तरी सांगितलं. माझ्याच मेंढ्यांचं, दीड वर्ष मुरवलेलं. झालं! मुरलेलं चीज बंद, सुकवलेलं सॉसेज बंद, या गोळीबरोबर खाल्लं की रक्तदाब चढतो, डोक्यातली शीर फुटू शकते, ताजं चीज खा म्हणे. ताजं! ते आमच्यात दात न आलेली पोरं खातात.

चौथ्या दिवशी बायकोने मोज्यांच्या पिशवीतून मुरलेलंच चीज अर्धा किलो आणलं. मीच मागवलं होतं. ती म्हणाली, "अहो, ती बाई नको म्हणते ना?" म्हटलं, त्या बाईने कधी मेंढीचं दूध काढलंय? बापाचा शिंगाच्या मुठीचा चाकू काढला आणि सगळं संपवलं. चीज काय औषध आहे?

तासाभरात डोक्यात घण पडायला लागले. नर्सने रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पळाली. तरणा डॉक्टर आला, म्हणाला, गोळी सोसत नाही, बंद करा. गोळी बंद म्हणजे पाय गेला. आणि मी? चाकू मिटून उशीजवळ सरकवला. कबूल करायचं, त्या बाईपुढे? पाय गेला तर गेला, मान खाली जाणार नाही... खरं सांगतो, हेच चाललं होतं मनात.

बाई आली. उशीजवळचा चाकू उचलला, उघडला, वास घेतला.

"किती खाल्लंत?"

मी छताकडे बघत राहिलो.

"काका, पाय तुमचा आहे. किती?"

बोटांनी तुकडा केवढा ते दाखवलं. मग दुसरा हातही लावावा लागला.

"गोळी चालू ठेवा," ती डॉक्टरला म्हणाली. "बंद करायचं ते चीज."

शिरेतून औषध दिलं, रक्तदाब उतरला. चाकू मात्र तिने आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला, गोळ्या संपल्या की न्या म्हणाली. बापाचा चाकू! घरी सोडलं त्या दिवशीही मागायला गेलो नाही. मागणारा मी नव्हे.

डिसेंबरात गेलो. दोन्ही पायांनी. मुरलेल्या चीजची चार किलोची अख्खी चकती तिच्या टेबलावर ठेवली. तिने ड्रॉवरमधून माझाच चाकू काढला, तुकडा कापला, सावकाश चावला.

"जरा खारट आहे."

पन्नास वर्षांत माझ्या चीजला कोणी... गिळलं. तेही गिळलं. तिने चाकू पुसला, मिटला, माझ्या हातावर ठेवला.

फिटलं.