साफ आवाज

कोलकात्याच्या चांदनी मार्केटमधल्या दुकानात पुढच्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं आणि मंजुषा दोन पावलं पुढे सरकली.

"अहो, हीच डबी घ्या. यूएसबीत खोचायची, माइक जोडायचा. ऑनलाइन शिकवणीत पुण्यात गुरुजींना तुमचं गाणं लख्ख ऐकू येईल."

"लख्ख म्हणजे किती?"

"सूर घसरला तर लगेच कळेल."

"आत्ता कळत नाही?"

"आत्ता म्हणतात, 'दिगंबरराव, गळा सुरेल आहे, तुमचा कॉम्प्युटरच बेसूर आहे.'"

"अगं, हळू बोल!"

"इथं कुणाला मराठी कळतंय?"

मंजुषाने चेहरा जमेल तितका बंगाली केला.

दिगंबररावांनी डबी उलटसुलट पाहिली, खाली ठेवली आणि दुकानदाराकडे वळले.

"दादा, इससे थोडा कम अच्छावाला है क्या?"