पाणीखात्याच्या पानावर माझा नंबर

...आणि वर मलाच दम देतात हो! 'काय पाणीवाले, झोपा काढता का?' अहो, मी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, बनियनवर बसून गुडघ्याला तेल चोळतोय, आणि कोण कुठली बाई कानात किंचाळते, 'टाकी कोरडी ठणठणीत, भांडी तशीच पडलीत, लाज कशी नाही वाटत तुम्हाला?' मला? माझ्या स्वतःच्या नळातून फुस्स आवाजापलीकडे काही येत नाही बाई, मला कसली लाज!

तुम्हाला सांगतो, पाणीखात्यानं वेबसाईट काढली. काढा की, कोण नको म्हणतंय! पण तिच्यावर 'तक्रारीसाठी संपर्क' असं ठळक लिहून खाली नंबर कुणाचा? माझा! घरचा!

'मग नंबर बदला ना,' सूनबाई म्हणते. बदलतो की! पण माझी आक्का आहे ना, थोरली बहीण, आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. कानानं अधू, डोक्यातून सगळं निसटलेलं. माझं नावसुद्धा विसरते, पण हा नंबर तेवढा पाठ. दर रविवारी फोन करायची. नंबर बदलला तर आक्का तुटली, नाही बदलला तर लाईन सहसा मोकळीच नाही! दुखरे गुडघे ओढत तिच्याकडे गेलो, तर दारातच म्हणाली, 'फोन उचलत नाहीस, मग पाय कशाला आणलेस?' नि तोंड फिरवलं. झाला प्रकार सांगितला, तर म्हणे, 'लहानपणापासून थापाड्याच तू!'

तसाच उठलो नि पाणीखात्यात गेलो. आत एक चष्मेवाली पोरगी, कॉम्प्युटरला नाक लावून. म्हटलं, पुसा माझा नंबर. ती गोड आवाजात म्हणते, 'आजोबा, असं पुसता नाही येत. ही कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम आहे. एक जण मजकूर लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा मंजूर करतो, मग साईटवर दिसतो.' म्हटलं, वा! मग माझा नंबर तिघांच्या हातांखालून कसा सुटला?

तर म्हणे सिस्टीम शिकवायला कुणीतरी आला होता. तो म्हणाला, 'सरावासाठी टाका कुठलाही नंबर.' समोर टेबलावर नळाला पाणी नाही म्हणून मी दिलेला तक्रारीचा अर्ज पडलेला. कारकुनानं त्यावरचा नंबर उचलला नि टाकला. तपासणाऱ्यानं सरावासाठी तपासला, साहेबांनी सरावासाठी मंजूर केला. नंबर चढला खराखुरा! आणि एकदा चढला की पानापानाच्या तळाला आपोआप उमटतो. 'हीच तर सोय आहे आजोबा, एकदा लिहा, सगळीकडे दिसतं!' डोंबल तुझी सोय! दिसतं सगळ्यांना, पुसता येत नाही कुणाला!

'तूच पूस,' म्हटलं. 'मला फक्त लिहायचा अधिकार आहे.' तपासणाऱ्याकडे गेलो. तो पान चघळावं तशी जीभ घोळवत म्हणतो, 'आपण फक्त तपासतो. बदल मंजूर करणारे साहेब बदलून गेले, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला.' मग नवे साहेब? 'त्यांना सिस्टीममध्ये घ्यायला जुन्या साहेबांची मंजुरी लागते.' थू! शिसारी आली हो मला! अरे, पूर्वी तुमच्या दारात काळा फळा होता. चुकलं की शिपाई बाही फिरवायचा, खडू पुन्हा चालायचा. आता म्हणे पुसलेलंही पुसलं जात नाही, मागं साठवून ठेवतात. 'म्हणजे दिसत नाही, पण असतं,' पोरगी म्हणाली. म्हटलं, आमच्या नळातल्या पाण्यासारखं का गं? ती हसली. मला नाही आलं हसू.

शेवटी नव्या साहेबांच्या खोलीत घुसलो. कोट घातलेला गारठलेला माणूस, डोक्यावर एसी घोंघावतोय. म्हणाला, 'बसा. आधी खात्री करू.' आणि माझ्यासमोर माझ्याच घरी फोन लावला! पलीकडून आमची ही. रोज ऐकून ऐकून तयार झालेली! खणखणीत आवाजात म्हणाली, 'पाणी सकाळी येईल, पिंप भरून ठेवा, ठेवते!' खाडकन.

साहेबांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! 'पाहिलंत? चालू नंबर! पहिल्या रिंगला उचलला, नेमकं उत्तर! अहो, आमच्याकडचा एक तरी नंबर असा लागतो का? हा कशाला बदलायचा?' मी म्हटलं, साहेब, ती माझी बायको आहे! तर म्हणतात, 'त्यांचं अभिनंदन कळवा.' आणि पोरीला बोलावून तो नंबर आणखी मोठ्या अक्षरांत करायला सांगितला. ते मात्र तिला जमतं म्हणे! अक्षर मोठं करायला मंजुरी नको, पुसायला हवी! दिसतं सगळ्यांना, पुसता येत नाही कुणाला!

घरी येऊन टेकलो नाही तोवर फोन. मी वैतागून, सवयीनं ओरडलो, 'पाणीखातं, बोला!'

पलीकडे आक्का.

'अगबाई, पाणीखात्याला लागला का? लावला होता भावाला. जाऊ दे, तो मेला कुठं उचलतोय! तुम्ही बघा, परके असून लगेच बोललात.'

'आक्का, अगं मीच...'

'मधे बोलू नका हो, मला कमी ऐकू येतं. लिहून घ्या.' आणि सुरू झाली. नळाचं एवढंसं, मग भावाचं. लहानपणी भात खाताना किती रडायचा, तापात रात्ररात्र मांडीवर घेऊन कशी बसले, आणि आता फोन उचलायला याचा हात मोडतो! मी ओरडलो, विनवलं, पण ऐकणार कोण? शेवटी ऐकत राहिलो.

आता दर रविवारी येतो आक्काचा फोन. पाणीखात्याला. पाण्याची तक्रार एक, बाकी सगळ्या भावाच्या. 'मीच तो' म्हटलं तर पुन्हा थापाड्या ठरायचो, म्हणून हूं हूं करतो, सगळ्या नोंदवून घेतो. परवा ठेवताना म्हणाली, 'तुम्ही भले दिसता. तेवढं माझ्या भावाला सांगाल का, एकदा फोन उचल म्हणावं?'

तिला ऐकू जाईल असं ओरडून म्हणालो, 'सांगतो बाई. वरून मंजुरी आली, की सांगतो.'