मांजरामार्फत

नको, त्या खाटेवर बसू नका साहेब, जाळं टाकलंय तिच्यावर, पँटीला वास लागेल. उभ्यानंच बोला. आणि परत बोला, पहिल्यापासून, मला नीट ऐकायचंय. उद्या सकाळी पुलाच्या कामावर सगळी माणसं जमली की मी — चिंतू तांडेल, तुमचा मुकादम — पुढं व्हायचं आणि माझ्याच सुनेला सांगायचं की जमुना, तुझं काम बंद, घरी जा. असंच ना? तुमी सांगितलंत तर बाया बडबडतील, सासऱ्यानं सांगितलं तर गप बसतील. वा! हे मोठ्या साहेबाचं डोकं का तुमचं? तुमचंच असणार. मोठा साहेब मद्रासचा, त्याला काय ठाऊक आमच्यात सासरा म्हणजे काय ते. तुमी पालघरचे, तुमाला ठाऊक.

तिचा गुन्हा काय? ओरडली. लाईन मोडली म्हणे. मजुरानं मुकादमाला सांगायचं, मुकादमानं सुपरवायझरला, सुपरवायझरनं मोठ्या साहेबाला — आणि उत्तर त्याच शिडीनं खाली, इंग्रजीतनं हिंदीत, हिंदीतनं आमच्यात, येईस्तोवर खाडीला ओहोटी लागते! त्यात तो क्रेनवाला सरदार, लढाईतनं आलेला. पहिल्या दिवशी वरनं अंगठा दाखवला त्यानं. आमच्यात अंगठा दाखवला म्हणजे काय? जा, काय मिळायचं नाय! बाया घमेली ठेवून घरी निघाल्या होत्या. त्याचं म्हणणं होतं, तयार हाय, भरा. हसताय काय? तेव्हा तुमीच शिव्या घातल्या होत्या त्यांना. अंगठ्याचा अर्थ मात्र सांगितला नाय कुणी.

असो. त्या दिवशीचं सांगतो. तुमी होतातच म्हणा तिथं, पण तुमी मोठ्या साहेबाच्या तोंडाकडं बघत होता. मी खांबाच्या पायाशी, पाठमोरा. डोक्यावर बादली, सिमेंटच्या मालानं भरलेली, क्रेनला टांगलेली. मिक्सर खडखडतोय. आणि जमुनाला दिसलं, वर तारेचे पदर सुटतायत. आता सांगा, लाईनीप्रमाणं तिनं कुणाला सांगायचं? मुकादमाला. मुकादम कोण? मी. आणि मी कोण? तिचा सासरा! लग्न होऊन आली तेव्हापासनं ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाय. बोलायचंच नसतं. घरात जेवण वाढलं की मांजराला सांगते — मांजरे, बाहेर सांग, ताट वाढलंय. मांजर बसतं शेपूट चाटत, मी उठतो. चाललंय की! देवू, माझा पोरगा, होडीवर असला तरी अडत नाय काय. आता पुलावर मांजर कुठनं आणायचं?

तिनं तानीला सांगितलं. शेजारीच घमेलं उचलत होती तानी. तानी फळकुटांवरनं धडपडत तुमच्याकडं आली. आली का नाय? मान खाली घालू नका. आणि तुमी काय म्हणालात? "मुकादमाला सांग!" अरे, मुकादम बादलीखाली! ज्याच्या टाळक्यावर पडायचंय त्याच्याच मार्फत या, म्हणालात — आणि परत साहेबाला हो-हो करायला लागलात.

होडीत असं चालत नाय. होडीत तांडेलाचा शब्द म्हणजे शब्द, दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाय. पण पुढं खडक दिसला तर भात रांधणारा खलाशीसुद्धा बोंब मारतो. तांडेलाची परवानगी काढत बसत नाय. मी स्वतः तसंच शिकवलंय माझ्या माणसांना. होडीवर. घरात — घरातलं वेगळं. घरातलं मधी आणू नका.

मग तिनं घमेलं टाकलं आणि ओरडली. काय ओरडली? "ए चिंत्या! पळ!" चिंतू पण नाय — चिंत्या! ए म्हणून! माझा बाप गेल्यापासनं मला कुणी चिंत्या म्हटलं नव्हतं. आख्ख्या पुलानं ऐकलं. आणि तुमी सगळे काय सांगत फिरता — मुकादम म्हातारा, पण चपळ, सुनेची हाक ऐकली आणि सटकन बाजूला झाला. चपळ! हात बघा माझे, ताट धरलं तरी थरथरतात. मी पळालो नाय साहेब. मला काय बादली दिसली होती? मी तिला मारायला धावलो. हात उगारून. भर माणसांत सासऱ्याचं नाव घेते म्हणून थोबाडीत द्यायला धावलो — आणि माझ्या पाठीमागं बादली आपटली, जिथं माझे पाय होते तिथं. माल माझ्या धोतरावर उडाला. तरी हात वरच होता माझा. ती डोळे मिटून उभी होती. माराची वाट बघत.

नाय मारलं. पण हात खाली घेतला तोसुद्धा... जाऊ दे. तुमाला कशाला सांगतोय मी हे!

आमच्या रंभाबाईनं, तिच्या सासूनं, तिला घरी आल्याबरोबर माझ्या पाया पडायला लावलं. देवाला नारळ द्यायला लावला. आणि मी बसून होतो, इथंच. एक शब्द बोललो नाय. तेव्हापासनं ती मांजराशीपण बोलत नाय. ताट येतं, गुपचूप, दाराशी. मांजर बघतं माझ्याकडं.

आणि तुमी म्हणता, हाकला. माल वाया गेला, काम थांबलं. मी वाया गेलो असतो तर काम थांबलं असतं का? तुमचा साहेब बोलला असता, दुसरा मुकादम बघा. कुठल्या लाईनीनं बोलला असता तेवढं सांगा!

ऐका. उद्या माणसं जमली की मी बोलणार, बोलणारच. पण मी सांगणार — जमुना कामावर राहील, आणि ज्याला जे दिसेल त्यानं ओरडायचं. साहेबाचं नाव घेऊन, सासऱ्याचं नाव घेऊन, नागडं नाव घेऊन. नसेल पटत तर मलाबी काढा, तानीला काढा, आख्खी गँग काढा आणि चढा सरदाराबरोबर क्रेनवर. जा, सांगा साहेबाला. इंग्रजीत सांगा.

थांबा. गप. ऐकलंत?

आतनं... मांजराला सांगतेय. बाहेर सांग म्हणते, ओट्याच्या पायरीचा दगड सुटलाय, पाहुण्यांनी जपून उतरावं.

जमुना! मांजराला कशाला सांगतेस गं? मी काय बहिरा हाय? मला सांग.

सांग ना.

निघा तुमी साहेब. तुमच्यासमोर नाय बोलायची ती. निघा — आणि दगड सुटलाय म्हणते, बघून उतरा.