चक्राखालची चांदीची डबी

जबाब

नाव : गौराबाई भ्र. रेवणप्पा शेटे. वय : ६१ वर्षे. धंदा : किराणा दुकान व घरकाम. राहणार : जुना मोंढा, मानवत, जि. परभणी.

मी आज रविवारी ठाण्यात स्वतः येऊन, हवालदार माणिकराव यांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती रेवणप्पा, मुलगा श्रीशैल, सून महेश्वरी व नात धनश्री, वय सात, यांच्यासह राहते. आम्ही लिंगायत आहोत. पतीचे वय ६८ असून त्यांना साखरेचा आजार आहे. रोज सकाळी सुई घ्यावी लागते. सुई घेतली की वेळेवर पोटात अन्न गेलेच पाहिजे, नाहीतर हातपाय कापतात आणि शुद्ध जाते. हवालदार म्हणाले, आजाराचं शेवटी लिहू. मी म्हटलं आत्ताच लिहा, सगळं त्याच्यावरच अडलं आहे.

नातीला अवकाशाचं वेड आहे. परातीत कढई ठेवून ती त्याला शनी म्हणते आणि मला त्यात भाकरीचं पीठ मळू देत नाही. पिंगळीजवळ एका खाजगी संस्थेने अवकाश दर्शन केंद्र काढलं आहे, ते पाहायचं तिने महिनाभर लावून धरलं होतं. म्हणून आज दुकान बंद ठेवून आम्ही पाचजण मानवत रोडहून पॅसेंजरने पिंगळीला उतरलो व ऑटोने केंद्रावर गेलो. सोबत धपाटे, दही व शेंगाची चटणी होती. ती दुपारी सावलीत बसून खायची असं ठरलं होतं.

केंद्रात प्रथम रॉकेट पाहिलं. नंतर चंद्राची खोली. तिथे खाली राखेसारखी माती पसरलेली असून त्यावर चालायचं असतं. पतीने दाराशी चपला काढल्या. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, चपला चालतात. ते म्हणाले, "चंद्र देवाच्या माथ्यावर ऱ्हातो. त्याच्यावर चपला घालून कसं फिरावं?" ती हसली, पण चांगलं हसली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्यानंतर आम्ही चक्राजवळ आलो. लोखंडाची तीन कडी एकात एक बसवलेली असून मधल्या खुर्चीत माणसाला पट्ट्यांनी बांधतात आणि सगळ्या बाजूंनी गरगर फिरवतात. अंतराळात जाणारे असाच सराव करतात म्हणे. नात लहान असल्याने तिला बसू दिलं नाही. तिने डोळ्यांत पाणी आणलं व म्हणाली, मग अप्पा तुमी बसा आणि मला सांगा कसं वाटतं ते. मी म्हटलं, या वयात कशाला लोंबकळायचं? पण नातीपुढे आमच्या मालकांचं काही चालत नाही. ते बसले.

चक्र चालवणाऱ्या माणसाने अंगावरची धातूची वस्तू काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितली. त्याचं नाव मला माहीत नाही. पतीच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. हवालदारांनी विचारलं की इष्टलिंग म्हणजे काय, म्हणून सांगते. आमच्यात मूल जन्मलं की त्याचं लिंग त्याला मिळतं. ते मरेपर्यंत अंगावरच राहतं, आणि मेल्यावर सोबत मातीत जातं. बाईचं बाईजवळ, बाप्याचं बाप्याजवळ. रोज आंघोळीनंतर तळहातावर घेऊन पूजा होते, मग अन्नपाणी. ते अंगापासून सुटलं तर परत मिळेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असं आमच्या घरात पाळतात. आजकाल सगळे पाळत नाहीत. श्रीशैलचं तर देव्हाऱ्यात असतं. आम्ही दोघं पाळतो.

पतीने डबी ट्रेमध्ये ठेवायला नकार दिला. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, बाबा, लवकर आटपा की. श्रीशैल म्हणाला, "अप्पा, दोन मिनिटाचं तर हाय, आईजवळ द्या." ते म्हणाले, "तिचं तिच्याजवळ हाय, माझं माझ्याजवळ ऱ्हाऊ दे." मग त्यांनी गळ्यातून काढून दोरा दंडाला गुंडाळला, दाताने गाठ मारली आणि सदऱ्याची बाही खाली ओढली. दंडावर बांधलेलं चालतं, अंगावरच असतं. शेतात काम करताना माझे सासरे असंच बांधायचे. पण सासरे वखर हाणायचे, उलटे टांगून घेत नव्हते. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

चक्र फिरलं. पती डोकं खाली, पाय वर असे असताना मी खट्ट असा आवाज ऐकला. मला वाटलं कड्याचाच असेल. ते उतरले तेव्हा हसत होते. नातीला म्हणाले, "पोट वर आन् डोस्कं कुठं, कायबी कळंना." आणि बोलता बोलता त्यांनी दंडाला हात लावला. दंड रिकामा होता. नात विचारत होती, अप्पा, आणखी काय वाटलं? ते खाली वाकून शोधायला लागले.

चक्राखाली लाकडी फळ्यांचा चौथरा असून फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. महेश्वरीने मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं. खाली खोल खड्डा, मोटार व पट्टे आहेत. पट्ट्याला लागूनच डबी पडलेली मला व सुनेला दिसली. म्हणजे वस्तू हरवलेली नाही. चोरीही नाही. हवालदार चोरी लिहीत होते, ते मी खोडायला लावलं. किंमत विचारली, तीही लिहायची नाही.

आम्ही फळी उचलायला सांगितली. चक्रवाला म्हणाला, कुलूप आहे, चावी साहेबांकडे. साहेब आले. त्यांचं म्हणणं, फळ्या फक्त मशीन बसवणारा मेकॅनिक उघडतो, सोमवारी केंद्राला सुट्टी, मंगळवारी या. श्रीशैलने हात जोडले. साहेब म्हणाले, एवढंच आहे तर दुसरी डबी घ्या. मी त्यांना जे बोलले ते हवालदार लिहायला तयार नाहीत. पण बोलले ते बोलले, मला त्याचा पस्तावा नाही. मग आम्ही तिथेच उभे असताना त्यांनी पुढच्या माणसाला खुर्चीत बांधलं. श्रीशैल कड्याला धरून उभा राहिला, म्हणून चक्र थांबलं.

पती लिंबाखाली जाऊन बसले. जेवायची वेळ झाली होती. मी धपाटे सोडले. ते म्हणाले, "गौरा, बांधून ठेव." मी म्हटलं, सुई घेतलेली हाय. ते म्हणाले, "म्हाईत हाय मला." श्रीशैलने मानवतला मठात फोन लावला. स्वामी स्वतः बोलले, म्हणाले, रेवणप्पा, आधी पाणी घ्या, आपण दुसरं लिंग देऊ. पती म्हणाले, "महाराज, हरवलं असतं तर घेतलं असतं. ते तिथं पडलंय, दिसायलंय, आन् मी दुसरं बांधू?" असं म्हणून फोन मुलाला दिला.

ऊन फार होतं. त्यांच्या कपाळाला घाम सुटला, आणि साखर उतरली की येतो तसा तो गार होता. बोटं कापायला लागली. ती त्यांनी मांडीखाली दाबून धरली. त्यांना वाटलं मला दिसत नाही. चाळीस वर्षं संसार केला, आणि मला दिसत नाही म्हणे. मला त्यांचा रागच आला.

आता मी जे सांगते ते हवालदारांनी हळू आवाजात विचारावं आणि मीही हळूच सांगते, कारण पती बाहेर बाकावर बसलेले आहेत.

मी बायकांच्या न्हाणीत गेले. माझ्या गळ्यातली डबी काढली. दोन्ही डब्या श्रीशैलच्या लग्नात एकाच सोनाराकडून घडवल्या आहेत, दिसायला सारख्या. माझा दोरा आखूड, तो सोडून पदराच्या काठाची चिंधी जोडून लांब केला. मग चक्राकडून आल्यासारखी फिरून आले आणि पतीला म्हटलं, निघाली. त्या चक्रवाल्या पोराने तारेचा आकडा घालून काढून दिली. त्यांनी डबी हातात घेतली. उघडली नाही, बाहेर कोणी उघडत नाही. कपाळाला लावून गळ्यात घातली. मी म्हटलं, आता खावा. ते म्हणाले, "ऑटोत खातो. हितं माश्या लय हायत." मी केंद्राबाहेरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेतली, धपाट्यांची पिशवी आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

मला ठाण्यात यायचंच होतं, कारण त्यांची खरी डबी खाली आहे आणि मंगळवारी मेकॅनिक पट्टे फिरवून बघणार, त्यात ती चेंगरायची. म्हणून त्यांना सांगितलं की माझा मोबाईल हरवलाय, तक्रार द्यावी लागती. ते म्हणाले, मीबी येतो. ऑटोत धक्के बसत होते, तर म्हणाले ठाण्यात बाकावर निवांत खातो, म्हणून त्यांना बाहेर बसवून मी आत आले. श्रीशैल, सून व नात चक्रापाशी बसून आहेत, कोणी चालू करू नये म्हणून. पतीला सांगितलं की नातीला आणखी बघायचंय.

हवालदारांनी माझ्यापुढे दोनदा चहा ठेवला, मी घेतला नाही. ते म्हणाले, मावशी, तुमचा घसा कोरडा पडलाय, आवाज फुटंना, घोटभर पाणी तरी घ्या. तेव्हा मी त्यांना सांगितलं की आता माझा गळा रिकामा आहे. हे त्यांनी लिहिलं की नाही मला माहीत नाही. लिहिलं नसेल तर लिहा. माझी मागणी एवढीच की आज दिवस मावळायच्या आत फळ्या उघडून द्याव्यात, आणि जबाब वाचून दाखवताना हळू वाचावा. पतीला कळलं तर ते खाल्लेलं ओकून टाकतील, असा त्यांचा स्वभाव आहे.

जबाब इथपर्यंत झाला असताना शिपाई पंडित आत आले व त्यांनी टेबलावर पाण्याची बाटली आणि धपाट्यांची पिशवी ठेवली. म्हणाले, बाहेरच्या बाबांनी दिलंय, आतल्या बाईला द्या म्हणतात. बाटलीचं झाकण फोडलेलं नव्हतं. पिशवीची गाठ मी मारली होती तशीच होती.

मी बाहेर गेले. पतीने गळ्यातली डबी काढून हातात धरली होती.  म्हणाले, "हिला हळदीचा वास हाय, गौरा. लिंबाखालीच आला मला." मी म्हटलं, मग बोलला का न्हाई? ते म्हणाले, "तू एवढी फिरून आलीस. तुझ्या तोंडावर कसं म्हणू? वाटलं, तू आत गेलीस की बाटली पाठवून देतो." मग त्यांनी तिथेच, पंडित शिपायासमोर, डबी माझ्या गळ्यात बांधली. चिंधीची गाठ त्यांना सुटत नव्हती, ती पंडितने सोडली. मी म्हटलं, आता तुमचं काय? ते म्हणाले, "माझं चक्राखाली हाय. तुझं तुझ्याजवळ आलं, तू पाणी पी."

माझं लिंग माझ्या अंगावर असून मला आता पाणी चालतं. मी ते घेतलेलं नाही. त्याचं कारण हवालदारांनी विचारलं, ते लिहायची गरज नाही. बाटली टेबलावर आहे, झाकण आम्हा दोघांपैकी कोणीही फोडलेलं नाही.

हा जबाब हळू वाचायचं ठरलं होतं. आता त्याची गरज राहिली नसल्याने हवालदार माणिकराव यांनी तो माझ्या पतीला आत बोलावून, खुर्चीवर बसवून, दोघांसमोर मोठ्याने वाचला. ते खाली मान घालून ऐकत होते. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे, त्यात माझं सगळं आलं. सही करते. आता जीप काढा, हेसुद्धा लिहा.