बारा खोटे शिपाई आणि चार टाचण्या

नाव: मिग्डालिया ओर्तेगा. वय: ६९ वर्षे. शिक्षण: आठवी, पुढची शाळा सुटली. धंदा: नाटकाचा कपडेपट सांभाळणे. राहणार: ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क.

मी समक्ष चौकीत हजर राहून, सार्जंट ओकाफोर यांनी विचारल्यावरून सांगते ते असं:

मी चव्वेचाळीस वर्षं ब्रॉडवेच्या थिएटरांत कपड्यांचं काम करते. सध्या 'कोंबड्याची चौकी' या संगीत नाटकावर आहे. नाटक पोलिसांचं आहे. त्यात बारा नाचणारी पोरं पोलिसांच्या वेषात येतात. ते बाराही गणवेष मी शिवलेत. बिल्ल्यावर शहराचं चिन्ह नाही, कोंबडा आहे. जवळून बघितलं की कळतं. जवळून कोणी बघितलं नाही त्याला मी काय करू.

गेल्या गुरुवारी आमचे निर्माते हालपर्न साहेब कपडेपटात आले आणि म्हणाले, "मिग्डी, चार टाचण्या दे." मी दिल्या. त्यांनी त्या टाचण्यांनी मागच्या दाराजवळच्या फळ्यावर कागद लावला. त्यावर लिहिलं होतं, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी नाटक बंद. मी म्हटलं, "माझ्याच टाचण्या मिळाल्या होय?" ते म्हणाले, "काल बक्षिसांच्या कार्यक्रमात तीन मिनिटांचा नाच आहे. तो टीव्हीवर दिसला आणि तिकिटं खपली तर कागद काढीन. नाहीतर नाही." नाटकावर एकूण ऐंशी माणसं पोट भरतात. सार्जंट म्हणतात साहेब 'काल' कसं म्हणतील, गुरुवारी. बरोबर आहे. 'रविवारी' म्हणाले. तसं लिहा.

तर काल रविवारी तो कार्यक्रम होता. वर्षातून एकदाच असतो. वर्षभरातल्या नाटकांना बक्षिसं देतात आणि मधेमधे एकेका संगीत नाटकाचा नाच होतो. आमचा नाच आठ वीसला होता. हॉलमध्ये कपडे बदलायला जागा नसते, म्हणून सगळी नाटकं आपापल्या थिएटरात कपडे चढवून बसने जातात. आमची बस सात चाळीसला सहाव्या अॅव्हेन्यूच्या अलीकडे अडकली. पुढे तुमच्याच लोकांनी अडथळे लावले होते. दहा मिनिटं बस हलली नाही. मी म्हटलं, "उतरा. पाय आहेत ना? नाचणारे म्हणवता."

आम्ही तेरा जण उतरलो. बारा पोरं गणवेषात आणि मी, हातात सुईदोऱ्याची पेटी.

आमच्या लोकांनी वाहतूक अडवली अशी तक्रार आहे. अडवली नाही. गाड्यांनी बारा पोलीस बघितले आणि आपण होऊन थांबल्या. पुढे आमच्या बारांतला टेरेल होता. नाचाच्या सुरुवातीला तो हात वर करतो, तसा त्याने रस्त्यात केला. सवय आहे, दोनशे प्रयोग झालेत. एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "साहेब, डावीकडे वळू का?" टेरेल म्हणाला, "वळ बाबा, पण हसून वळ." एवढंच झालं.

शिट्टी वाजवली असंही तक्रारीत आहे. ते खोटं आहे. थिएटरात कोणी शिट्टी वाजवत नाही. पूर्वी वरचे पडदेवाले शिट्टीच्या इशाऱ्यावर वाळूची पोती खाली सोडायचे, भलत्याने वाजवली की डोकं फुटायचं. म्हणून पोरांच्या गणवेषावरच्या बाराही शिट्ट्यांत मी स्वतः मेण भरलंय. त्या मी सोबत आणल्यात. सार्जंटनी त्यातली एक फुंकून बघितली. वाजली नाही. रस्त्यात जी वाजली ती तुमच्या मलव्हेनी नावाच्या शिपायाची.

मलव्हेनी पळत आला. पोरगाच आहे, पंचवीसचा असेल. त्याने विचारलं, "कुठल्या चौकीचे तुम्ही?"

टेरेल म्हणाला, "कोंबड्याच्या."

"चेष्टा करतोस? तुमचा वरिष्ठ कोण?"

बाराही जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तो मला म्हणाला, "बाई, पोलिसाचं सोंग घेणं गुन्हा आहे. सगळ्यांना आत घालावं लागेल." मी म्हटलं, "घाल. पण आधी नऊ वाजू देत." तो ऐकेना. त्याने वायरलेस हातात घेतला. आठ वाजून दोन मिनिटं झाली होती.

आता त्या गणवेषाचं सांगते. तो पाठीमागून मानेपासून टाचेपर्यंत उभा कापलेला आहे आणि एकाच दोरीवर अडकवलेला आहे. मानेजवळ कडी आहे. कडी ओढली की दोरी सुटते आणि अख्खा गणवेष खाली पडतो. आत सोनेरी टिकल्यांचा झगा. नाचात बाराही गणवेष एका ठोक्याला पडतात, त्यावरच तो नाच उभा आहे. एकदा ओढली की दोरी पुन्हा ओवायला दोन माणसांना अकरा मिनिटं लागतात.

हे मला माहीत होतं. तरी मी टेरेलची कडी ओढली.

मी मलव्हेनीला म्हटलं, "आता सांग. तुमच्यात हे घालतात का?"

त्याने वायरलेस परत पट्ट्याला अडकवला. फूटपाथवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने स्वतः अडथळा उचलला आणि पुढे पळत शिट्टी वाजवत आम्हाला हॉलच्या मागच्या दाराशी नेलं. जागा सोडली म्हणून त्याला विचारणा होणार असं ऐकते. माझं म्हणणं लिहून घ्या: त्याने खोटे पोलीस पकडले नाहीत, कारण ते पोलीस नव्हते हे त्याच्यासमोर सिद्ध झालं होतं. बाकी त्याने वाट दाखवली. त्याचं कामच ते आहे.

आठ अकराला आत पोहोचलो. टेरेल विंगेत आडवा झाला, मी ओवायला बसले. कमरेपर्यंत झालं आणि आमचं नाव पुकारलं. वरचा भाग उघडाच होता.

टेरेल म्हणाला, "अबुएला, मी जात नाही. अकरा जण पुरे." पोरं मला अबुएला म्हणतात, म्हणजे आजी. मी म्हटलं, "बारा शिवलेत, बारा जातील. चल."

मी त्याच्या मानेमागचं कापड मुठीत धरलं आणि त्याच्यामागे गेले. अंगात माझा कामाचा काळा झगा, गळ्यात कात्री. विंगेतून मॅनेजर ओरडत होता, "मिग्डी, बाहेर ये! कॅमेरा चालू आहे!" मला ऐकू आलं. चौसष्ट मात्रा मी त्याच्या पावलावर पाऊल टाकत चालले. नाच मला पाठ आहे, रोज विंगेतून बघते. चौसष्टाव्या मात्रेला अकरा जणांनी आपापल्या कड्या ओढल्या आणि मी मूठ सोडून उरलेली दोरी ओढली. बाराही गणवेष एकदम पडले.

मी टेरेलचा गणवेष उचलला, झटकला, हातावर घातला आणि चालत विंगेत गेले. कपडा जमिनीवर टाकून मी कधी गेलेले नाही. लोक आधी हसले, मग उभे राहिले. नाच संपेपर्यंत उभेच होते.

चव्वेचाळीस वर्षांत दिवे लागलेले असताना मी रंगमंचावर पाय ठेवला नव्हता. तिकडून लोक दिसत नाहीत, नुसता काळोख दिसतो आणि आवाज येतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मोठं बक्षीस दुसऱ्या नाटकाला मिळालं. नाचाचं आम्हाला. मतं आधीच पडलेली असतात, माझा त्याच्याशी संबंध नाही. रात्री माझ्या गावाहून, पोन्सेहून, बहिणीचा फोन आला. तिने टीव्हीवर माझी पाठ ओळखली. पुढे ती काय बोलली ते इथे लिहायची गरज नाही.

आज सोमवार, प्रयोग नसतो. तरी इथे येताना मी तिकडून आले. तिकिटाच्या खिडकीपासून रांग कोपऱ्यावरून वळून पार बेकरीपर्यंत गेली होती. मागच्या दाराने आत जाऊन बघितलं. फळ्यावर कागद नव्हता. टाचण्या तशाच होत्या. मी त्या काढून घेतल्या.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. तक्रारीवरून तुम्ही ठेवून घेतलेले गणवेष उद्या संध्याकाळच्या प्रयोगाच्या आत परत मिळावेत, ओवायला वेळ लागतो.

चष्मा आणला नाही म्हणून सार्जंटनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. टाचण्या तीन लिहिल्या होत्या, त्या मी चार करून घेतल्या. आता बरोबर आहे, मी सांगितलं तसंच आहे.

सही: मिग्डालिया ओर्तेगा